हिच्या विसरण्याची मिसल

३ जुलै १९५६, मंगळवार

चिरंजीव श्रीपाद आज सकाळच्या गाडीने इंदूरला परत गेला. जाताना ही वही हातात देऊन म्हणाला, "अण्णा, रोज काय झालं ते यात लिहीत जा. डोकं ताजं राहतं." चौतीस वर्षं मी ग्वाल्हेर दरबारच्या दफ्तरात कागद लिहिले, तपासले, बांधले आणि सांभाळले. आता मुलगा मला लिहायला बसवतो आहे.

कारण काय, तर मागच्या बुधवारचा प्रकार. झालं एवढंच की सकाळी मी अंगरखा चढवला, पगडी घातली, टांगा केला आणि कचेरीत गेलो. माझ्या खुर्चीवर कोणी तरुण बसला होता, त्याला उठवलं आणि कामाला लागलो. मला निवृत्त होऊन सात वर्षं झाली हे खरं आहे, फक्त त्या दिवशी ते मला दुपारी आठवलं. तोवर मी तीन कागद तपासून त्यांतल्या दोन चुका काढून दिल्या होत्या, पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

श्रीपादने फैसला सुनावला आहे. संस्थान विलीन झालं, मग मध्यभारत झाला, आता तोही मोडून एक नोव्हेंबरपासून नवा मध्यप्रदेश होणार. राजधानी भोपाळला, म्हणून श्रीपादची बदलीही भोपाळला. दिवाळीच्या सुमारास तो येईल, माझं "असंच" चालू असलं तर घर भाड्याने देईल आणि आम्हा दोघांना घेऊन जाईल. आठ वर्षांत सरकारचा पत्ता किती वेळा बदलला! वर्षातला अर्धा काळ इंदूर, अर्धा काळ ग्वाल्हेर. त्या सरकारला कोणी विसरभोळं म्हणत नाही.

 गाडी गेल्यावर ही म्हणाली, "मी ही शिंदे की छावनी सोडून कुठे नाही जाणार. चव्वेचाळीस वर्षं झाली मला इथे. पण तुम्ही असेच आरामखुर्चीत बसून राहिलात तर पोरगं खुर्चीसकट उचलून नेईल."

मी म्हटलं, पेन्शनर खुर्चीत नाही बसणार तर कुठे बसणार?

६ जुलै

ही मला शरच्चंद्र वैद्यांकडे घेऊन गेली. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आजची तिथी विचारली. मी तिथी सांगितली. ती कालची निघाली. एका दिवसाचा फरक दफ्तरात आम्ही धरत नसू.

"रोज चालणं किती होतं?"

"आरामखुर्चीपासून पाटापर्यंत."

वैद्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि हिला आत चांगली पंधरा मिनिटं थांबवून घेतलं. हिचे गुडघे दुखतात, त्याबद्दल असणार. बाहेर आली तेव्हा चेहरा खुलला होता. हिला काहीतरी जालीम औषध मिळालेलं दिसतं. मला नुसतं ब्राह्मीचं तूप.

९ जुलै

सकाळी ही म्हणाली, "अहो, नया बाजारातून जिरं घेऊन या जरा." आमच्या शिंदे की छावनीतून नया बाजार म्हणजे चांगली पायपीट. टांगा करतो म्हटलं, तर म्हणे टांग्यात पुडी फुटते. जिऱ्याची पुडी टांग्यात कशी फुटेल? पण हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. गेलो, आणलं, खुर्चीत टेकलो, तोच स्वयंपाकघरातून आवाज. "अग बाई! हिंग सांगायचं राहूनच गेलं!"

पुन्हा गेलो. संध्याकाळी धनिया. तेही राहून गेलं होतं.

१२ जुलै

चार दिवसांत हिने मला अकरा वेळा बाजारात पाठवलं. दरवेळी काही ना काही विसरलेलं असतं. आज किराणावाला गुलाबचंद म्हणाला, "राव साहब, फिर आ गए? भाभीजी को एक साथ याद नहीं आता क्या?" तो हसत होता, पण मी वाटभर विचार करत घरी आलो.

चव्वेचाळीस वर्षांत ही बाई कधी काही विसरलेली नाही. कोणत्या लग्नात कोणी कोणतं लुगडं दिलं, ते कोणी परत कोणाला दिलं, सगळं हिला पाठ. सन अठ्ठावीसमध्ये मी माझ्या बहिणीसमोर हिला काय बोललो होतो तेही पाठ. आणि आज हिला हिंग आठवत नाही!

म्हणजे गोष्ट उघड आहे. विसरण्याचा आजार या घरात आहे, श्रीपादने फक्त चुकीचा माणूस धरला. त्याला हे कळलं तर तो दिवाळीपर्यंतही थांबणार नाही, आणि छावनी सुटली तर ही खचून जाईल. हे त्याला कळू द्यायचं नाही.

कोणतंही प्रकरण हातात आलं की आधी मिसल उघडायची, ही आमच्या दफ्तराची रीत. नव्या लोकांच्या भाषेत फाइल. आज एक कोरी मिसल उघडली आहे. वर लिहिलं: "सौ. वनमालाबाई, विसरणे बाबत." रोजचा विसर तारीखवार नोंदवत जाईन.

२० जुलै

मिसलीत आतापर्यंत एकोणतीस नोंदी.

हिला म्हटलं, एकदाच यादी करून दे. म्हणाली, चश्म्याची काडी मोडली आहे, लिहिता येत नाही. मी लिहून घेतो म्हटलं, तर म्हणे दौत कुठे ठेवली आठवत नाही. दौत कोनाड्यात समोर होती. ती दिसलीच नाही असं मी केलं. आजारी माणसाच्या चुका दाखवू नयेत.

तेव्हा सगळं तोंडी. पहिले काही दिवस फार फजिती झाली, आलू सांगितले तर आलं आणलं. मग एक तोड सुचली. आमच्या जुन्या दफ्तरखान्यात दाराच्या डाव्या हातापासून बारा फडताळं होती. तो दफ्तरखाना मला डोळे मिटूनही दिसतो. आता ही जे सांगेल ते मनातल्या मनात एकेका फडताळात ठेवतो. पहिल्यात गूळ, दुसऱ्यात हिंग, तिसऱ्यात टमाटर. दुकानासमोर उभा राहिलो की दारातून आत शिरायचं आणि एकेक उघडत जायचं. आज सात जिनसा होत्या, सातही आणल्या. ही पिशवीत बघत म्हणाली, "सगळं आणलं?" आणि लगेच पाठ फिरवून पदराने डोळे पुसले. कांदा चिरत असावी. कांदा मात्र दिसला नाही.

५ ऑगस्ट

हिचं नवीन खूळ. मोडी शिकायची. तिच्या वडिलांची जुनी पत्रं ट्रंकेत आहेत, ती म्हणे स्वतःच वाचायची आहेत. चश्म्याची काडी मोडलेली असताना! असो. दुपारी जेवण झालं की मी आडवा होतो, नेमकी त्याच वेळी ही पाटी घेऊन समोर.

रोज तीच ती अक्षरं विचारते. काल सांगितलेलं आज विसरते. मी न चिडता पुन्हा सांगतो. दुपारची झोप गेली ती गेलीच. आज मी तिच्या वडिलांचं पत्र मोठ्याने वाचत होतो, एका शब्दावर अडलो. दोनदा चुकीचा वाचला. तर ही भाजी निवडता निवडता मान वर न करता म्हणाली, "'मुक्काम उज्जैन' आहे ते."

मी थक्क झालो. अगदी बरोबर होतं. या आजारात असं होतं म्हणे, मधेच एखादा क्षण डोकं लख्ख चालतं. मिसलीत तसा शेरा मारला आहे.

१९ ऑगस्ट

भयंकर बातमी. हा आजार पसरतो आहे.

शेजारचे मानसिंगराव, जुने रिसालदार. संस्थानची फौज गेली तेव्हापासून ते ओट्यावर वेताचा मूढा टाकून मिशांना पीळ देत बसतात. गेला महिनाभर मी जाता-येता "काय अण्णासाहेब, आज तिसरी फेरी?" म्हणून माझी टर उडवत होते. आज पाहतो तो हातात पिशवी घेऊन नया बाजाराच्या वाटेवर! चेहरा उतरलेला.

"काय झालं, रावसाहेब?"

ते हळू आवाजात म्हणाले, "आमच्या विजयाबाईंचं काही खरं नाही. सकाळपासून तिसऱ्यांदा पाठवलं. मेथी सांगायला विसरल्या, मग दही विसरल्या. मी घोडा मागितला तर म्हणतात, घोडा आता कुठून येणार?"

"तो खरंच कुठून येणार?"

"ते बरोबर आहे," ते म्हणाले. "पण दही तर त्या विसरल्याच ना!"

मला आठवलं, परवाच विजयाबाई आमच्याकडे हळदीकुंकवाला येऊन तासभर स्वयंपाकघरात बसल्या होत्या. दोघी कुजबुजत होत्या आणि मधेच खुदखुदत होत्या. लागण तिथेच झाली असणार. की छावनीच्या विहिरीतच काही आहे? आता मानसिंगराव आणि मी बरोबर जातो. दोघंही बायकांची काळजी करत चालतो, त्यामुळे वाट कधी सरते ते कळत नाही.

१० सप्टेंबर

गणपतीचं आगमन झालं. आरतीला मी सगळ्या आरत्या न अडखळता म्हटल्या. धोतराचा कमरेचा वेढा सैल पडतो. बाड्याच्या चौकापर्यंत जाऊन आलो तरी धाप लागली नाही. मी गेल्या पंधरवड्यात काय काय नेलं ते गुलाबचंदच्या मुनिमाने विचारलं, मी तारखेसकट सांगितलं. तो पाहतच राहिला.

माझं ठीक आहे. काळजी हिची आहे.

३० सप्टेंबर

आज भलतंच पाहिलं.

ही समोरच्या शांताताईंकडे गेली होती. मी मूग शोधायला खालचा मोठा डबा उघडला. आत हिंगाच्या तेरा पुड्या, एकही फोडलेली नाही. शेजारी जिरं, दोन बरण्या भरून. त्यामागे लवंगा, वेलदोडे, खसखस. सगळं मीच आणलेलं. म्हणजे बिचारी आणवते, ठेवते, आणि ठेवलं हेच विसरते.

मी तिथेच जमिनीवर बसलो. खूप वाईट वाटलं. या बाईने मला ताट कधी थंड वाढलं नाही, माझा शब्द कधी खाली पडू दिला नाही, आणि मी तिला आयुष्यभर कचेरीचेच किस्से ऐकवत आलो. डबा होता तसा बंद केला. तिला आपण पकडले गेलो असं वाटता कामा नये. तेवढ्यात ती आली आणि दारातूनच म्हणाली, "अहो, घरात हिंग नाही हो." मी म्हटलं, "आणतो की," आणि पिशवी उचलली.

२४ ऑक्टोबर

श्रीपाद आला. सूनबाई शरयूला पुढेच भोपाळला पाठवली आहे. घरासाठी भाडेकरूही पाहून ठेवला आहे म्हणे. हिचा चेहरा पांढरा पडला.

मी ठरवूनच ठेवलं होतं. हिचं विसरणं त्याच्या कानावर जाता कामा नये. म्हणून सकाळी सहालाच जाऊन सगळं सामान आणून ठेवलं, हिला सांगायची वेळच येऊ दिली नाही. जेवताना त्याने विचारलं, "आई, लोणचं कुठंय?" ही तोंड उघडण्याआधी मीच म्हणालो, "दुसऱ्या फळीवर, डावीकडून तिसरी बरणी. निळ्या झाकणाची मिरचीची आहे, ती नको, ती आषाढातली आहे."

त्याने हिला दिल्लीच्या मावशीचा पत्ता विचारला, मी सांगितला. तिचा वाढदिवस विचारला, मीच तिथीने आणि तारखेने सांगितला. श्रीपाद माझ्याकडे पाहतच राहिला.  त्याला संशय आला असेल का, की मी हिला पाठीशी घालतो आहे?

ही मात्र कोशिंबीर वाढताना गालातल्या गालात हसत होती. बिचारीला काहीच कल्पना नाही.

२६ ऑक्टोबर

श्रीपाद सकाळपासून डोक्याला हात लावून बसला होता. त्याच्या खात्याच्या इथल्या कचेरीत जुन्या दरबारी कागदांचे दोनशे रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले मोडीचे गठ्ठे. कोणते भोपाळला न्यायचे आणि कोणते इथल्या दफ्तरात ठेवायचे, हे परवापर्यंत लावायचं आहे. पण वरच्या चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या, आणि मोडी वाचणारा कचेरीत कोणी उरला नाही.

"मी बघतो," मी म्हटलं.

"अण्णा, तुम्ही राहू द्या. दगदग होईल. आणि मागच्या वेळी..."

ही दारातून म्हणाली, "जाऊ दे त्यांना. टांगा नको करू. चालतच जा दोघं."

कचेरीपर्यंत चालताना श्रीपादला दोनदा थांबावं लागलं. मी त्याच्यासाठी थांबलो. आत गेलो तर मागच्या वेळचा तो खुर्चीवाला तरुण होताच. घाबरून उभा राहिला. मी त्याला म्हटलं, "बसा, बसा. खुर्ची तुमचीच आहे. मी एकोणपन्नास साली निवृत्त झालो." तोही हसला, बाकीचेही हसले.

मग कामाला लागलो. कोणता रुमाल कोणत्या परगण्याचा, हे निम्म्यांचं मी गाठीवरूनच सांगितलं, कारण त्या गाठी मीच बांधल्या होत्या. कुठे अडलो तर मनातल्या दफ्तरखान्यात शिरायचो, पाचव्या फडताळात आधी हिंग आणि खसखस दिसायची, ती बाजूला केली की मागे भिलसा परगणा सापडायचा. संध्याकाळपर्यंत एकशे सत्त्याण्णव लागले. तीन रुमालांचं नक्की नव्हतं, तसं लिहून दिलं.

२८ ऑक्टोबर, रविवार

वरिष्ठांचा निरोप आला. इथे राहणाऱ्या दफ्तरासाठी आठवड्यातून तीन दिवस येऊन दोन कारकुनांना मोडी शिकवाल का?

श्रीपाद माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "अण्णा, जूनमधले तुम्ही आणि आजचे तुम्ही यात फार फरक आहे. मी भाडेकरूला नाही सांगून येतो. तुम्ही इथेच राहा. फक्त आईला सांभाळा."

शेवटचं वाक्य ऐकून मी सावध झालो. कळलं की काय त्याला? पण तो सहज बोलला असावा. मी छाती पुढे काढून म्हटलं, "त्याची तू फिकीर नको करू."

ही आत गेली आणि देवापुढे साखर ठेवली. आपलं गुपित टिकलं म्हणून मीही मनातल्या मनात हात जोडले. छावनी राहिली.

१ नोव्हेंबर, गुरुवार

आजपासून मध्यप्रदेश. बाड्यावर झेंडे, भाषणं. मानसिंगराव म्हणाले, "पुन्हा राज्य बदललं, पण दही मात्र आमचं अजून तिथूनच येतं." ते आता माझ्यापेक्षा झपझप चालतात.

येताना एकटाच वैद्यांकडे गेलो. गुपचूप मिसल नेली होती. म्हटलं, आता श्रीपादचा धोका टळला, हिच्यावर उपाय करायला हवा. सगळ्या नोंदी वाचून दाखवल्या. एकूण दोनशे चौदा विसर. तेरा पुड्यांशी आलो तेव्हा वैद्यांना जबर खोकला आला. ते भिंतीकडे तोंड करून बराच वेळ खांदे हलवत होते. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. वय झालं त्यांचंही.

"औषध काय, वैद्यराज?"

"जे चालू आहे तेच," ते म्हणाले. "त्या पाठवतील तिथे जात जा, कधी नाही म्हणू नका. आणि जमलं तर त्यांनाही बरोबर न्या. चालण्याने डोकं शाबूत राहतं. कोणाचंही."

हे मला चार महिने आधी सांगितलं असतं तर!

५ नोव्हेंबर

हिला फिरायला चल म्हटलं तर गुडघे पुढे करते. तेव्हा युक्ती केली. सकाळी हिने साखर आणि जिरं सांगितलं. दोन्ही आणलं, पण जिऱ्याची पुडी कोटाच्या खिशात दडवली आणि म्हटलं, "साखर आणली. दुसरं काय सांगितलं होतंस ते काही केल्या आठवत नाही बघ. तूच चल बरोबर."

हिच्या हातातला झारा खाली पडला.  मग हळूच म्हणाली, "जिरं. जिरं सांगितलं होतं हो."

लगेच चप्पल घातली आणि आली. गुडघ्यांचं नाव काढलं नाही. नया बाजारापर्यंत जाताना आणि येताना माझा दंड घट्ट धरून चालली. चव्वेचाळीस वर्षांत भर बाजारात हिने माझा हात कधी धरला नव्हता. मधेच विचारलं, "आज तिथी कोणती हो?" मी सांगितली. "मानसिंगरावांच्या थोरल्याचं नाव?" तेही सांगितलं. बिचारीला आता एवढंही आठवत नाही. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "घाबरू नकोस. मी आहे." तर ही भर रस्त्यात रडायला लागली.

६ नोव्हेंबर

आज हिने मला सहा वेळा बाजारात पाठवलं. दुपारी मोडीचं दुप्पट वाचन घेतलं. विजयाबाईंनाही बोलावणं गेलं, दोघी गंभीर चेहऱ्याने बोलत होत्या, आज हसणं नाही. आजार एकदम वाढला आहे. मिसलीत तशी नोंद केली.

पण श्रीपादला कळवणार नाही. माझे पाय चालतात तोवर हिच्या विसरण्याचं ओझं मी वाहीन, आणि हिला कधी कळूही देणार नाही. एवढं देणं तर मी तिचं लागतोच.

आत्ता हाक आली. हिंग संपला आहे. निघतो.